दोघांनी चालवायची लहान वायनरी : छाटणीपासून बाटलीपर्यंत

नवरा-बायकोने मिळून वायनरी काढायचे ठरवले की पहिली चर्चा बहुधा इमारतीची, यंत्रांची आणि बाटलीवरच्या नावाची होते. आमचीही तशीच झाली होती. दिंडोरी तालुक्यातल्या दोन एकर वाइन द्राक्षांच्या बागेवर आणि तिला लागून असलेल्या लहानशा वायनरीवर काही हंगाम काढल्यानंतर आज आम्ही कोणालाही हा हिशोब उलट्या टोकाकडून मांडायला सांगतो. फेब्रुवारीतल्या एका पहाटे आपल्या बागेतून किती द्राक्षे तोडून होतील आणि त्यातली किती आपण दोघे मिळून त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत टाकीत पोहोचवू शकू, हा आकडा सर्वांत आधी ठरवावा. क्षेत्र, टाक्या, रस पिळायचा प्रेस, शीतकरणाचे यंत्र, वीजजोडणी आणि कर्ज हे सगळे त्या एका आकड्यावरून निघते.

आमचा आकडा दीड टनाचा आहे. दहा-बारा माणसे पहाटे पाचला डोक्याला बॅटरी बांधून बागेत उतरतात आणि नऊच्या आत वीस किलोचे सुमारे पंचाहत्तर क्रेट भरतात. ऊन चढल्यावर तोडलेला घड वायनरीत गरम होऊन येतो आणि पुढचा अर्धा दिवस वीज जाळून तो थंड करावा लागतो, म्हणून नऊनंतर कात्री चालवायची नाही हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. एका टनातून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन मिळते, म्हणजे दीड टनातून ९०० ते १००० लिटर. एकरी साडेचार टन उत्पन्न धरले तर एका एकराच्या तीन पहाटा आणि दोन एकरांच्या सहा होतात. सर्व मिळून ७५० मिलिलिटरच्या साधारण साडेसात ते आठ हजार बाटल्या. दोन माणसे आणि एक कायमचा गडी यांना झेपण्याची मर्यादा आमच्या मते इथेच संपते.

या सहा पहाटा एकाच आठवड्यात आल्या तर सहा टाक्यांत एकाच वेळी किण्वन, म्हणजे रस आंबणे, सुरू होते. मग शीतकरणाचे यंत्र सहा टाक्यांना पुरेल एवढे घ्यावे लागते आणि माणसांना झोप मिळत नाही. त्या आठ-आठ दिवसांच्या अंतराने आल्या तर एक प्रेस, देठ काढणारा एक डीस्टेमर आणि दोन-तीन टाक्या एका वेळी थंड ठेवू शकेल असे यंत्र पुरते. युरोपातला वेल हिवाळ्यात झोपतो आणि वसंतात आपल्या वेळेने जागा होतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, त्याला आपण छाटून जागे करतो, आणि त्यामुळे तोडणी साधारण केव्हा येईल हे पाच महिने आधी आपल्या हातात असते. लहान वायनरीला परवडणारी सर्वांत मोठी सोय हीच आहे आणि तिच्यासाठी एक रुपयाही वेगळा मोजावा लागत नाही.

पैसे घालण्यापूर्वी

घरात हा विषय मोकळेपणाने बोलून घ्यावा, आणि तोही सर्वांत आधी. माझे सासरे माळकरी आहेत. घरातून दारूचा धंदा निघणार या कल्पनेने त्यांना झालेला त्रास आम्ही आधी हलकाच घेतला, ही आमची चूक होती. दोन महिने बोलणे झाल्यावर त्यांनी दोन अटी घातल्या. वायनरी राहत्या घरापासून लांब, बांधाच्या पलीकडे असावी आणि मळ्यातल्या मजुरांच्या हाती मजुरीऐवजी किंवा बक्षीस म्हणून बाटली कधीही जाऊ नये. दोन्ही आम्ही पाळतो. ते वायनरीच्या तळघरात कधी आलेले नाहीत, पण कलमे भरण्याच्या दिवसांत सकाळी सर्वांत आधी बागेत तेच असतात.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. बाग माझ्या नवऱ्याकडे आणि तळघर व नोंदवह्या माझ्याकडे अशी आमची विभागणी आहे. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण दुसऱ्याचे काम किमान पंधरा दिवस एकट्याने चालवता येईल इतके दोघांनाही आले पाहिजे, कारण ऐन किण्वनात कोणी तापाने आडवे पडले तर टाकी थांबत नाही.

लागवडीच्या वर्षीच वायनरीची इमारत उभारू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वेलीला धड पीक येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात आणि तेवढ्या काळात रिकाम्या इमारतीवर व्याज चढत राहते. ही वर्षे शिकण्यासाठी वापरावीत. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथले प्रशिक्षण घ्यावे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांना जावे. आणि एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या वायनरीत टाक्या धुण्याचे काम करावे. पहिली पिके एखाद्या वायनरीला विकावीत, मात्र दर, ब्रिक्सची (रसातल्या साखरेच्या मापाची) अट, उचल करण्याची तारीख आणि पैसे देण्याची मुदत हे सर्व लेखी करार करूनच. २००८ नंतरच्या मंदीत नाशिक भागात वाइन द्राक्षांना उठाव राहिला नाही, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडून टाकल्या. तोंडी शब्दावर थांबलेल्यांचे हाल त्या वेळी सर्वांत जास्त झाले.

परवान्यांची सुरुवात मात्र इमारतीच्या नकाशापासूनच करावी. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वायनरीचा परवाना, अन्न सुरक्षेचा परवाना, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जमिनीच्या वापराविषयी तहसील कार्यालयाकडची पूर्तता आणि ग्रामपंचायतीचा ठराव यांपैकी एक कागद अडला की बाकीचे थांबतात. परवाना हाती येईपर्यंत घरी ‘नमुना म्हणून’ एक कॅनदेखील आंबवू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये तो गुन्हा ठरतो आणि पुढे परवान्याच्या वेळी तोच आडवा येतो.

बाग

खाण्याच्या द्राक्षांची बाग ज्यांनी केली आहे, त्यांना काही सवयी सोडाव्या लागतात. थॉमसनसारख्या खाण्याच्या जातीत आपण मणी फुगवतो. वाइनच्या द्राक्षात रंग, सुगंध आणि टॅनिन (तुरट द्रव्य) सालीत असतात, त्यामुळे मणी लहान आणि साल जाड हवी. मणी फुगवणाऱ्या जिब्रेलिक आम्लाची बुडवणी इथे नाही, भरमसाट पाणी नाही आणि एकरी बारा-पंधरा टनांची हावही नाही. निफाडकडच्या भारी काळ्या जमिनीपेक्षा दिंडोरीतली निचऱ्याची, मुरमाड, हलकी जमीन या कामाला बरी, कारण तिथे वेल बेताने वाढतो.

खुंटाची, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम भरायचे त्या वेलीची, निवड एकदाच होते, म्हणून तिथे घाई नको. आपल्या भागात डॉगरिज सर्वत्र आहे. तो पाण्याचा ताण आणि खारे पाणी सहन करतो, हे खरे, पण वाढ फार जोमाने करतो आणि पोटॅश जास्त उचलतो. तो पोटॅश रसात उतरला की सामू (पीएच) चढतो आणि चढलेल्या सामूची वाइन चवीला बोथट लागते व टिकतही नाही. माती आणि पाणी तपासून, जिथे शक्य असेल तिथे ११० आर हा खुंट घ्यावा. जानेवारी ते मार्चमध्ये खुंटाची रोपे लावून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांवर पाचर कलम भरावे. आठ फूट बाय चार फूट अंतरावर एकरी सुमारे १३६० वेली बसतात. वळण उभ्या भिंतीचे ठेवावे, म्हणजे घड एका रेषेत येतात, वारा खेळतो आणि पहाटेच्या अंधारातही कात्री चुकत नाही.

जातींच्या बाबतीत पहिल्या लागवडीला दोनच घ्याव्यात. पांढऱ्यासाठी शेनिन ब्लांक आणि लालसाठी शिराझ या नाशिकच्या हवेत रुळलेल्या जाती आहेत. सोव्हिन्यों ब्लांक लवकर पिकते आणि तिचा सुगंध मोहात पाडतो, पण चार दिवसांचा उशीर तिला खपत नाही. काबर्ने सोव्हिन्यों त्यानंतरच्या टप्प्याला ठेवावी.

एप्रिलमध्ये नव्या काड्या वाढवण्यासाठी खरड छाटणी होते. तिच्यानंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा सूक्ष्म घड तयार होतो. त्या दिवसांत उन्हाने भाजलेल्या, पाण्याला तरसलेल्या किंवा फुटींची गर्दी झालेल्या बागेत तो घड होतच नाही आणि ऑक्टोबरात कितीही फवारले तरी काडीतून नुसती वांझ फूट निघते. म्हणून घड धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या फळछाटणीच्या आधी प्रत्येक प्लॉटमधल्या काड्या प्रयोगशाळेत तपासून घ्याव्यात आणि घड कितव्या डोळ्यावर आहे ते पाहूनच कात्री लावावी.

आता तारखांचा भाग. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत वाइनच्या जातींना साधारण १३० ते १५० दिवस लागतात. जातीनुसार आणि त्या वर्षीच्या थंडीनुसार हा आकडा हलतो, पण त्याच बागेत दोन-तीन वर्षे नोंद ठेवली की तो चार-पाच दिवसांच्या फरकाने सांगता येतो. आम्ही बागेचे सहा तुकडे केले आहेत, प्रत्येक तुकडा एका पहाटेच्या तोडणीचा. पहिला तुकडा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटतो आणि पुढचे आठ-आठ दिवसांनी. याहून लवकर छाटले तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा रोग येतो, घड कुजतात किंवा जिरतात. उशिरा छाटलेले तुकडे मार्चच्या उन्हात सापडतात आणि साखर धावते, आम्ल मात्र जळून जाते. त्यामुळे पांढऱ्या जातीचे तुकडे आधी आणि लाल जातीचे नंतर असा क्रम ठेवावा.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांना लावतात. हे रसायन कातडीतून आणि श्वासातून अंगात जाते आणि मद्याशी त्याचे घातक वैर आहे. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून नंतरचे दोन-तीन दिवस ते काम करणाऱ्याने मद्याला स्पर्शही करू नये. वायनरी असलेल्या मळ्यात ही सूचना प्रत्येक माणसाला समोर उभे करून सांगावी, आणि हातमोजे व चष्मा दिल्याशिवाय बादली हातात देऊ नये.

केवडा, भुरी, करपा, पिठ्या ढेकूण आणि खोडकिडा या रोग-किडींविषयी नाशिकच्या बागायतदाराला मी नवे काय सांगणार? एकच गोष्ट वायनरीच्या बाजूने सांगते. भुरीसाठी वापरलेले गंधक तोडणीच्या महिनाभर आधी थांबवावे, कारण सालीवर राहिलेले गंधक टाकीत यीस्टच्या हाती लागले की वाइनला सडक्या अंड्यांचा वास येतो.

डिसेंबर-जानेवारीत मणी पिकायला लागून पाणी धरू लागले की एका तुकड्यातले शंभर मणी, उन्हाच्या बाजूचे आणि सावलीचे, वरच्या खांद्याचे आणि टोकाचे, असे मिसळून आठवड्याला एकदा आणि शेवटी रोज तपासावेत. पांढऱ्यासाठी २० ते २२ ब्रिक्स व सामू ३.२ ते ३.४, लालसाठी २२ ते २४ ब्रिक्स व सामू ३.४ ते ३.६ या हद्दीत आम्ही राहतो. पहिल्या वर्षी मी शिराझला २४ ब्रिक्स गाठण्यासाठी सहा दिवस थांबले आणि सामू ३.९ वर गेला. ती टाकी टार्टरिक आम्ल घालूनही सावरली नाही. आता मी आकड्यांबरोबर मणी चावून पाहते. बी हिरवी असेल तर जिभेला ओढ लागते. ती तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली आणि साल चावताना कडूपणा सरला, की तोडणीची माणसे सांगायची.

टाकी

पांढऱ्या द्राक्षांचे देठ काढून ती हलकेच दाबावीत. पहिला सहज गळणारा रस आणि शेवटचा जोराने पिळलेला रस वेगळे ठेवावेत. रस निघताच तो बिघडू नये म्हणून त्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालायचे. त्यातला साधारण ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइडचा असतो, म्हणून १००० लिटरमध्ये लिटरला ५० मिलिग्रॅम हवा असेल तर सुमारे ८८ ग्रॅम पूड लागते. हे वजन अंदाजपंचे करू नये. रात्रभर रस १० अंशांच्या आसपास ठेवला की गाळ खाली बसतो. वरचा नितळ रस दुसऱ्या टाकीत घेऊन त्यात यीस्ट सोडावे. १०० लिटरला २० ते २५ ग्रॅम कोरडे यीस्ट दहापट कोमट पाण्यात, ३५ ते ४० अंशांत, वीस मिनिटे भिजवावे आणि मग थोडा-थोडा थंड रस घालत त्याला टाकीच्या तापमानाशी जुळवून घ्यावे. कोमट पाण्यातले यीस्ट एकदम गार रसात ओतले तर त्याला धक्का बसतो आणि किण्वन आठवडाभराने मध्येच अडते.

पांढऱ्याचे किण्वन १४ ते १६ अंशांत दोन-तीन आठवडे चालावे. आमच्याकडे एका फेब्रुवारीत रात्री दीडला वीज गेली आणि जनित्राचे डिझेल संपलेले होते. सकाळपर्यंत शेनिनची टाकी २५ अंशांवर पोहोचली. वाइन झाली, पण पेरूसारखा जो सुगंध आदल्या संध्याकाळी तळघरभर होता तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून रोज मावळतीला डिझेलची पातळी पाहून वहीत लिहिणे हे कामच ठरून गेले आहे.

लाल द्राक्षे साल-बियांसह आंबतात. किण्वन सुरू झाले की साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो. तो दिवसातून तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो. सकाळी हा थर पाय ठेवावा इतका घट्ट असतो, दांडा घातला की खालून जांभळा फेस उसळतो आणि हाताला ऊब लागते. तापमान २४ ते २८ अंश ठेवावे. सात ते दहा दिवसांनी, चव पाहून, साली पिळून काढाव्यात. त्यानंतर मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे दुसरे किण्वन पूर्ण होऊ द्यावे आणि मगच सल्फाइट घालावे.

एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो हवेपेक्षा जड असतो, दिसत नाही आणि टाकीच्या तळाशी व तळघराच्या जमिनीलगत साचून राहतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाकून माणूस क्षणात बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला उतरणाराही वर येत नाही. म्हणून जमिनीलगत हवा बाहेर फेकणारे पंखे बसवावेत, टाकीत उतरण्यापूर्वी तिच्यात ताजी हवा खेळवावी आणि किण्वनाच्या दिवसांत तळघरात कोणीही एकटे जाऊ नये. रात्रीच्या फेरीला आम्ही दोघे बरोबरच जातो, एक आत आणि एक दाराशी.

टाक्या घेताना दोन मोठ्यांऐवजी अनेक लहान घ्याव्यात. अर्धवट भरलेल्या टाकीत हवा राहते आणि त्या हवेवर अॅसिटोबॅक्टर वाढून वाइनचा शिरका होतो. १२०० लिटरच्या सहा, ५०० च्या दोन आणि तरंगत्या झाकणाची एक, एवढ्यात आमचे भागते. त्यांतली एक नेहमी रिकामी हवी, कारण गाळावरून वाइन काढताना ती ठेवायला जागा लागते. २२५ लिटरची ओकची पिंपे पहिल्या वर्षी घेऊ नयेत. साधी, स्वच्छ वाइन सलग दोन हंगाम जमली की मग एक-दोन आणावीत आणि दर आठवड्याला ती काठोकाठ भरत राहावीत.

पांढरी वाइन उणे चार अंशांच्या आसपास काही दिवस थंड करून तिच्यातले टार्टरेटचे खडे तळाशी बसवतात, प्रथिनांचा धूसरपणा बेंटोनाइट या मातीने काढतात आणि गाळून पावसाळ्याच्या तोंडाला बाटलीत भरतात. आपल्या उन्हाळ्यात बूच वाळते, तेव्हा स्क्रू कॅप वापरण्यात कमीपणा मानू नये. पिळलेला चोथा शेणात मिसळून कुजवला की बागेलाच परत जातो.

वही आणि विक्री

आलेली द्राक्षे, निघालेला रस, टाकीतली वाइन, गाळात गेलेली तूट आणि भरलेल्या बाटल्या यांची नोंद उत्पादन शुल्काच्या नोंदवहीत त्याच दिवशी झाली पाहिजे. ‘उद्या लिहू’ म्हटले की दोन दिवसांत लिटर जुळेनासे होतात.

पैशाच्या हिशोबात एक गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. मद्य जीएसटीबाहेर असल्यामुळे बाटल्या, बुचे, लेबले आणि यंत्रे यांवर भरलेला जीएसटी आपल्याला वळता करून घेता येत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. लाल वाइन वर्षभर टाकीत पडून राहते, त्यामुळे एका पूर्ण हंगामाचे खेळते भांडवल वेगळे काढून ठेवावे. दुसऱ्या राज्यात विकायचे तर तिथले परवाने आणि लेबलनोंदणी पुन्हा करावी लागते. हॉटेले उधारीवर माल घेतात आणि वसुलीला माणूस लागतो. म्हणून पहिली तीन वर्षे आवश्यक ती परवानगी घेऊन वायनरीच्या दारातच विक्री करावी. बाग पाहायला आलेल्या कुटुंबाला आम्ही आधी वेलीखाली नेतो, मग टाकीशी, आणि चव शेवटी देतो. गाडी चालवणाऱ्याला द्राक्षाचा ताजा रस.

प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक वर्षीच्या बारा बाटल्या विक्रीतून बाजूला काढून, त्यांवर छाटणीची तारीख, तोडणीची तारीख, ब्रिक्स आणि सामू लिहून ठेवाव्यात. सप्टेंबरमध्ये फळछाटणीच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांतल्या सहा उघडाव्या, शेजारी वही घ्यावी आणि दोघांनी एकमेकांना न सांगता आपापले मत आधी कागदावर उतरवावे. गेल्या वर्षी चौथ्या तुकड्याच्या शिराझविषयी आम्हा दोघांच्या कागदावर ‘आम्ल कमी’ असेच निघाले, म्हणून या वर्षी त्याची छाटणी पाच दिवस अलीकडे ओढली आहे.